जुनं २४ बिटचं सबरूटीन, नवा ३१ बिटचा प्रोग्रॅम आणि मधली लाइन

या महिन्यात प्रश्न बरेच आले आणि त्यातले पाच एकाच विषयाला लागून आहेत, आयबीएमच्या मेनफ्रेमवरचे २४ बिट पत्त्याचे जुने प्रोग्रॅम नव्या ३१ आणि ६४ बिटवाल्यांना कसे जोडायचे, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हे पाच एकत्र घेतले. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात खरंच अडकलेलं माणूस आहे, रात्री जॉब पडला की तिलाच फोन येतो.

प्रश्न : मॅडम, मी हिंजवडीला मेनफ्रेम सपोर्टमध्ये आहे, तीन वर्षं झाली. आमच्याकडे व्याज काढणारं एक असेम्ब्लर सबरूटीन आहे, एमोड २४ (म्हणजे पत्ता २४ बिटचाच धरणारं), लिहिणारं कोणी आता कंपनीत नाही. त्याला कॉल करणारा कोबोल प्रोग्रॅम आम्ही नव्या कंपायलरवर आणला. आधी आयजीझेड००३३एस मेसेज येऊन जॉब पडला, मग डेटा(२४) ऑप्शन टाकला तर मेसेज गेला. आता एक जॉब एसओसी४ ने (नसलेल्या किंवा मनाई असलेल्या जागेला हात लावला की येणारा एरर) पडतो, दुसरा नीट संपतो पण काही खात्यांचं व्याज चुकतं. सीनियर म्हणतात सबरूटीन एमोड ३१ ने परत लिंक कर आणि मोकळी हो. करू का?

लगेच करू नकोस. सीनियरचं म्हणणं शेवटी बरोबर ठरू शकतं पण आज ते केलंस तर नेमकं काय दुरुस्त झालं हे तुलाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही.

आधी तो मेसेज काय सांगत होता ते बघू. आयजीझेड००३३एस म्हणजे कोबोलच्या रनटाइमने स्वतःहून बघितलं की तू एमोड २४ च्या प्रोग्रॅमला १६ एमबीच्या वरचा पत्ता देतेयस, आणि थांबवलं. २४ बिटात मावणारी ही १६ एमबीची हद्द, तिलाच लाइन म्हणतात. फार चांगला मेसेज आहे तो. डेटा(२४) टाकल्यावर तुझं वर्किंग स्टोरेज लाइनच्या खाली आलं, पॅरामीटरचे पत्ते खालचे झाले, रनटाइमची तक्रार संपली. पण रनटाइम फक्त पॅरामीटरचा पत्ता तपासतो, त्या पॅरामीटरच्या आत काय लिहिलंय ते तो उघडून बघत नाही. मला जवळजवळ खात्री आहे की तुझ्या त्या लिंकेज एरियात कुठेतरी एक पॉइंटर आहे, व्याजदराच्या टेबलचा वगैरे, आणि ते टेबल दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रॅमने लाइनच्या वर घेतलंय. डबा खाली आला पण डब्यातल्या चिठ्ठीवरचा पत्ता वरचाच राहिला.

आता २४ बिट मोडमधला प्रोग्रॅम त्या पत्त्याचं काय करतो ते नीट बघ, सगळा घोळ इथेच आहे. समज पॉइंटरमध्ये हेक्समध्ये १२३४५६७८ आहे. एमोड २४ मध्ये प्रोसेसर पुढचे दोन आकडे बघतच नाही, त्याच्यासाठी पत्ता झाला ००३४५६७८. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. ३४५६७८ म्हणजे साधारण सव्वातीन एमबीच्या आसपासची जागा, ती तुझ्याच जॉबच्या रीजनमध्ये पडते. तिथे त्या वेळी काही नसेल तर एसओसी४. तिथे दुसरा एखादा बफर पडलेला असेल तर प्रोग्रॅम तो बफर व्याजदर समजून वाचतो आणि पुढे चालू पडतो. स्टोरेजची की, म्हणजे मेमरीला लावलेलं कुलूप, इथे वाचवत नाही कारण आपल्याच रीजनमधली सगळी जागा बहुतेक वेळा एकाच कीची असते. म्हणून तुझा एक जॉब पडतो आणि दुसरा पडत नाही, चूक दोन्हीकडे एकच आहे, फक्त त्या जागी शेजारी वेगळा आहे.

पुण्यातले लँडलाइन नंबर ज्यांना आठवतात त्यांना हे पटकन कळेल. आधी सहा आकडी होते, मग सात, मग पुढे २ लागून आठ. समजा कोणाकडे जुनी वही आहे, तिच्यात सहाच चौकटी, आणि तो आठ आकडी नंबरातले शेवटचे सहाच उतरवून घेतो. जुनं एक्स्चेंज अजून चालू असतं तर फोन लागला असता, फक्त भलत्याच घरी, आणि समोरच्याने हॅलो म्हटलं असतं. पडणाऱ्या जॉबची मला भीती वाटत नाही, हॅलो म्हणणाऱ्याची वाटते. त्यामुळे तुझं पहिलं काम पडणारा जॉब नाहीच, जो नीट संपतोय तो आहे, त्याचं आउटपुट पुढे जाण्याआधी थांबव आणि जुन्या प्रोग्रॅमच्या आउटपुटशी ओळीला ओळ लावून बघ.

मग सबरूटीनचा सोर्स शोध. सोर्स मिळाला तर एमोड ३१ चा विचार करता येतो. बाइंडरला, म्हणजे प्रोग्रॅम लिंक करणाऱ्याला, एमोड ३१ सांगितलं की तो फक्त शिक्का मारतो, आतला कोड ३१ ला चालतो का हे तो तपासत नाही, ते तुलाच वाचायला लागणार. काय शोधायचं? एलए इन्स्ट्रक्शन (पत्ता रजिस्टरमध्ये भरणारी) कुठे वरचा बाइट पुसायला वापरलीय का, कारण २४ मध्ये एलए वरचे आठही बिट शून्य करते, ३१ मध्ये फक्त एक बिट. बीएएलआर (परतीचा पत्ता रजिस्टरमध्ये ठेवून उडी मारणारी इन्स्ट्रक्शन) करून रजिस्टरच्या वरच्या बाइटमधून कंडिशन कोड परत मिळवायची जुनी युक्ती कुठे आहे का, ३१ मध्ये तिथे कंडिशन कोड येतच नाही, त्यासाठी आयपीएम ही वेगळी इन्स्ट्रक्शन आहे. तीन बाइटचे पत्ते, म्हणजे एएल३ असलेले डीसी, किंवा आयसीएमने सात मास्क देऊन उचललेले. आणि चार बाइटच्या पत्त्यात पहिल्या बाइटमध्ये कोणी फ्लॅग ठेवलाय का.

या शेवटच्याबद्दल एक सांगते. बरीच वर्षं झाली, महिनाअखेरची रात्र, ऑफिस इथलंच पुण्यातलं. एक सबरूटीन आम्ही ३१ वर नेलं होतं, टेस्टला सगळं स्वच्छ, आणि प्रॉडक्शनला पहाटे दोनच्या सुमाराला एसओसी४. डम्पमध्ये, म्हणजे जॉब पडतानाच्या मेमरीच्या नकलेत, ज्या रजिस्टरने डेटा उचलायचा होता त्याच्या सुरुवातीला ४० होतं. पत्त्यांचं एक टेबल होतं, प्रत्येक नोंद चार बाइटची, आणि मूळ लेखकाने बंद झालेल्या खात्याच्या नोंदीत पहिल्या बाइटमध्ये ४० ठेवलं होतं. २४ मध्ये तो बाइट कोणी बघतच नव्हतं, ३१ मध्ये तोच पत्त्याचा भाग झाला आणि पत्ता एक जीबीच्या पलीकडे गेला. आमच्या टेस्ट डेटात बंद खातं एकही नव्हतं. त्याने ४० च्या जागी ८० वापरलं असतं तर आम्ही वाचलो असतो, कारण सगळ्यात वरचा बिट ३१ मध्येही पत्त्यात धरत नाहीत. तेव्हापासून टेस्ट डेटा बनवताना मी बंद खाती, शून्य शिल्लक, मयत खातेदार आधी टाकते आणि मग बाकीचं.

सोर्स वाचून स्वच्छ निघाला तर एमोड ३१, आरमोड २४ कर, आरमोड म्हणजे कोड स्वतः कुठे बसतो ते. ही जोडी मला मनापासून आवडते, कोड स्वतः लाइनच्या खाली राहतो पण त्याला वरचं सगळं दिसतं. आत डीसीबी (फाइलची माहिती ठेवणारा ब्लॉक) असेल तर त्याला खालीच राहायचंय, तेही जमून जातं. आरमोड एनी नंतर निवांत बघता येईल.

सोर्स मिळालाच नाही, नुसतं लोड मॉड्यूल आहे, तर त्याला हात लावू नकोस, २४ च राहू दे आणि त्याला लागणारं सगळं खाली आण. सगळं म्हणजे पॅरामीटर, पॅरामीटरच्या पत्त्यांची यादी, पॅरामीटरच्या आतल्या पॉइंटरने दाखवलेला डेटा, आणि रजिस्टर १३ मधली सेव्ह एरिया. ही शेवटची लोक विसरतात. सबरूटीन आत गेल्या गेल्या पहिलं काम काय करतं तर तुझी रजिस्टर तुझ्याच सेव्ह एरियात ठेवतं, ती वर असेल तर पहिल्याच स्टोअरला भलतीकडे लिहिणार. म्हणूनच रनटाइम ऑप्शनमध्ये ऑल३१(ऑफ) बरोबर स्टॅकला बिलो द्यायला लागतं, ते तुमच्याकडे दिलंय का बघून घे. आणि कॉल डायनॅमिकच ठेव, स्टॅटिक कॉलमध्ये मोड बदलत नाही, कॉल करणारा ज्या मोडमध्ये आहे त्याच मोडमध्ये सबरूटीन सुरू होतं, त्याच्यावर शिक्का कुठला का असेना.

ते टेबल खाली आणणं शक्य नसेल तर मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिही, पंचवीस-तीस ओळींचा, एमोड ३१, आरमोड २४. तो एलओसी=२४ ने लाइनच्या खाली जागा घेतो, त्यात टेबलची कॉपी करतो, पॉइंटर बदलतो, सॅम२४ करतो (म्हणजे मोड २४ वर नेतो), बीएएसआरने जुन्याला कॉल करतो, परत आल्यावर पहिली इन्स्ट्रक्शन सॅम३१, मग निकाल वर कॉपी आणि परत. हा मधला प्रोग्रॅम खालीच असायला हवा, नाहीतर परतीचा पत्ता कापला जाईल. तो वर राहिला असेल तर सॅम२४ वरच एसओसी६ येतो, म्हणजे ही चूक निदान लगेच कळते. मोड बदलायची जागा अख्ख्या सिस्टिममध्ये ही एकच ठेव आणि तिथे कॉमेंटमध्ये आज जे कळलं ते सगळं लिही. पुढच्या माणसाला सोर्स तरी मिळेल.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आम्ही तरुणपणी वरच्या बाइटमध्ये फ्लॅग ठेवायचो. आताची मुलं याला घाणेरडं प्रोग्रॅमिंग म्हणतात. तेव्हा ते चूक होतं का हो?

नाही काका, अजिबात नाही. सिस्टिम/३६० जाहीर झाली १९६४ साली, रजिस्टर ३२ बिटचं आणि पत्ता २४ बिटचा, म्हणजे कमाल १६ एमबी. त्या मालिकेतलं मॉडेल ३० सुरूच व्हायचं ८ के मेमरीपासून आणि संपायचं ६४ के ला. ८ के असलेल्या माणसाने प्रत्येक पत्त्यामागे एक बाइट मोकळा सोडायचा ही चैन होती, आणि खुद्द आयबीएमनेही ती केली नाही. त्यांचं जुनं सीसीडब्ल्यू (चॅनेलला द्यायची आज्ञा) बघा, पहिला बाइट कमांड आणि पुढचे तीन बाइट डेटाचा पत्ता. डीसीबीची एक्झिट लिस्ट बघा, पहिला बाइट कोड आणि पुढे तीन बाइट पत्ता. बनवणाऱ्यांनीच तसं केलं तर तुम्ही केलं त्यात वावगं काय. ते कोड आजही पगार काढतायत, पेन्शन काढतायत. तुम्हाला एक विनंती मात्र आहे, ओळखीच्यातलं कोणी या क्षेत्रात असेल तर त्याला बसवून सांगा कुठल्या फ्लॅगचा काय अर्थ होता, कारण ते बऱ्याचदा कुठल्याच कागदावर नाहीये.

प्रश्न : २४ नंतर सरळ ३२ का नाही, ३१ हा आकडा कुठून आला? (विद्यार्थी, कर्वेनगर)

वरचा बिट आधीच कामाला लागलेला होता. सिस्टिम/३६० च्या काळापासून पॅरामीटरच्या यादीत शेवटच्या पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट चालू करायची पद्धत आहे, त्यावरून समोरच्याला कळतं की यादी इथे संपली. हे इतक्या प्रोग्रॅममध्ये होतं की तो बिट पत्त्याला दिला असता तर सगळं मोडलं असतं. म्हणून १९८० च्या दशकात ३७०-एक्सए आलं तेव्हा पत्ता ३१ बिटचा, २ जीबी, आणि उरलेल्या एका बिटला आणखी एक काम मिळालं, परतीच्या पत्त्यात तो चालू असेल तर ३१ मोडमध्ये परत जा, बंद असेल तर २४. बीएएसएसएम आणि बीएसएम ही जोडी तो बिट बघूनच मोड बदलते. म्हणजे पत्ता सांगतानाच बोली कुठली ते सांगायचं. मला स्वतःला संपूर्ण आर्किटेक्चरमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, एका बिटमुळे वीस वर्षं जुना आणि कालचा प्रोग्रॅम एकाच जॉबमध्ये एकमेकांना कॉल करू शकतात.

प्रश्न : आमच्याकडे आता सगळं ६४ बिटवर न्यायचं ठरतंय. २४ वाले आणि ६४ वाले थेट जोडता येतात का? (खराडी)

आधी हे विचारा की डेटा खरोखर २ जीबीत मावत नाही का. मावत असेल तर ३१ वर सुखाने राहा. झेड/आर्किटेक्चर २००० साली आलं आणि तेव्हापासून तीनही मोड एकाच मशीनवर नांदतात, कोणी कोणाला हाकलत नाही. कोबोललाही ६४ बिट मिळालं ते एंटरप्राइज कोबोल ६.३ मध्ये, इतकी वर्षं जग ३१ वर चाललंच ना.

जोडायचंच असेल तर २४ आणि ६४ थेट भिडवू नका, मध्ये ३१ चा थर ठेवा. असेम्ब्लरमध्ये जास्त करून दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे रजिस्टरचा वरचा अर्धा भाग. २४ आणि ३१ मोडमध्ये एल, एलए या इन्स्ट्रक्शन वरच्या ३२ बिटांना शिवतच नाहीत, तिथे आधीचा कचरा तसाच पडून असतो, मग तुम्ही सॅम६४ केलं की तो कचरा पत्त्याचा भाग होतो. मोड बदलण्याआधी प्रत्येक पत्त्याच्या रजिस्टरवर एलएलजीटीआर मारून घ्या, ती खालचे ३१ बिट ठेवते आणि बाकीचं शून्य करते. दुसरं म्हणजे सेव्ह एरिया. जुनी ७२ बाइटची, १८ वर्ड. ६४ बिटवाल्याला १४४ बाइट लागतात आणि तो तिथे एफ४एसए अशी खूण ठेवतो. ७२ बाइटच्या जागेत कोणी १४४ लिहिले की शेजारचा डेटा गेला, आणि ते कळतं फार उशिरा, भलत्याच प्रोग्रॅममध्ये.

बारच्या, म्हणजे २ जीबीच्या हद्दीच्या, वरची मेमरी आयएआरव्ही६४ ने घेतात, एक एमबीच्या पटीत, आणि किती घ्यायची ती मर्यादा मेमलिमिटने ठरते. जुन्या प्रोग्रॅमला त्यातलं काहीच दिसणार नाही, त्याला लागेल तेवढाच तुकडा खाली कॉपी करून द्यायचा, अख्खं टेबल खाली ओतायला जाऊ नका, लाइनच्या खालची जागा आधीच अपुरी असते आणि मग एस८७८, म्हणजे जागा संपल्याचा एरर, येतो.

प्रश्न : डम्प हातात आला तर प्रोग्रॅम कुठल्या मोडमध्ये पडला हे पटकन कसं ओळखायचं? (मेनफ्रेमचा कोर्स करतोय, स्वारगेट)

पीएसडब्ल्यू बघायचा, प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती आणि पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता त्यात असतो. आठ बाइटच्या छोट्या रूपात दोन वर्ड असतात. समजा दिसलं ०७८डी१००० ८००१२३४६, तर दुसऱ्या वर्डचा पहिला आकडा ८, म्हणजे वरचा बिट चालू, म्हणजे ३१. तिथेच ०७८डी१००० ०००१२३४६ असतं तर २४. आणि सोळा बाइटचा पीएसडब्ल्यू असेल, पहिला वर्ड १ ने संपत असेल आणि दुसरा ८००००००० असेल, तर ६४. पहिले दहा-बारा डम्प पेन्सिलने गोल करून बघ, मग नजर आपोआप तिथेच जाते.

त्यानंतर रजिस्टर १४ बघ, म्हणजे कोणी कॉल केला ते कळतं. पण इथे एक खाच आहे आणि यात भलेभले फसतात. २४ मोडमध्ये बीएएल किंवा बीएएलआर केलं की वरच्या बाइटमध्ये पत्त्याशी संबंध नसलेली माहिती येते, इन्स्ट्रक्शनची लांबी, कंडिशन कोड, प्रोग्रॅम मास्क. बीएएलआर दोन बाइटची, त्यामुळे तो बाइट ४ ते ७ यातल्या एखाद्या आकड्याने सुरू होतो. बीएएल मात्र चार बाइटची, त्यामुळे तिच्यात वरचा बिट चालू होतो आणि बाइट ८ किंवा त्यापुढच्या आकड्याने सुरू होतो. बघणाऱ्याला वाटतं कॉल करणारा ३१ मध्ये होता, तो तर बिचारा २४ मध्येच होता. नुसत्या नजरेची चूक असती तरी चाललं असतं, पण असं रजिस्टर घेऊन कोणी बीएसएमने परत गेलं तर प्रोसेसरचीही तीच समजूत होते, तो ३१ मोड लावतो आणि वरच्या बाइटमधले उरलेले बिटही पत्ता धरून उडी मारतो. त्यामुळे जुन्या कोडमध्ये बीएएलने केलेला कॉल दिसला आणि परतताना बीएसएम दिसला तर तिथेच थांब, बीएएलच्या जागी बीएएस कर, ती २४ मोडमध्ये वरचा बाइट शून्य ठेवते, आणि मग पुढे वाच.